जॅकवरच्या गाडीखाली जायचे नाही!



नगरमध्ये आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी मिळून एक जुनी प्रीमियर पद्मिनी घरच्या अंगणात खोलायला घेतली आहे. तेव्हापासून दोन प्रकारचे टोमणे ऐकतो आहोत. पहिला टोमणा आपल्याच माणसांचा : "बाबासाहेबांनी शिका म्हटले होते, हात काळे करा म्हटले नव्हते. परीक्षेची पुस्तके बाजूला टाकून पाने कसले फिरवता?" दुसरा टोमणा गाड्यांच्या शौकिनांचा : "ही कामे मिस्त्रीकडून करून घ्यायची असतात. आणि जुन्या गाड्यांचा शौक तुम्हाला परवडणार आहे का?" हे दोघे एकमेकांना ओळखतही नसतील. पण दोघांचे म्हणणे एकच आहे. डोके एकाने चालवायचे आणि हात दुसऱ्याने. या वाटणीचे नाव जात आहे. म्हणून हा लेख गाडीचे पुढचे सस्पेन्शन कसे उतरवायचे यावर आहे आणि तो जातीवरही आहे.

वाहन आणि अस्पृश्यता यांचा संबंध ज्यांना ओढूनताणून जोडलेला वाटतो, त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचावे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, पण बैलगाडी पोरांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार, या अटीवर. गाडी मिळाली, गाडीवान मिळाला नाही.

२८ वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९२९ रोजी, तेच चाळीसगावला घडले. आता ते बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. तरीही महारवाड्यात पाहुण्याला घेऊन जायला टांगेवाला तयार नव्हता. टांगा द्यायला मात्र हरकत नव्हती. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

त्या टांगा हाकणाऱ्या आपल्या माणसाला आम्ही तिळमात्र दोष देत नाही. पाहुणा पायी जाऊ नये ही त्याची भावना सोन्यासारखी होती. स्वाभिमान त्याच्यापाशी होता, पण लगाम धरण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यापासून तोडलेली होती. या घटनेचा उल्लेख आपल्या भाषणांत अस्पृश्यतेचा दाखला म्हणून होतो आणि तो योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थही घ्या. केवळ भावनेवर वाहन चालत नाही. ज्याला यंत्र कळत नाही, त्याच्या हातून त्याच्याच नेत्याचा पाय मोडू शकतो. ते अज्ञान त्याने स्वतः निवडलेले नव्हते, त्याच्यावर लादलेले होते. म्हणून ते मोडून काढणे हेही चळवळीचेच काम आहे.

यावर काही जण म्हणतील की यंत्रयुग आले, आता यंत्राला जात नसते. हेही अर्धसत्य आहे. यंत्राला जात नसते, पण यंत्रापाशी कोणाला उभे करायचे हे ठरवणाऱ्याला असते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्यात पगार चांगला होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावट्याखालीही विटाळ शाबूत होता.

आपल्या नगरहून रेल्वे मनमाडला जाते. त्याच मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणातली दुसरी तक्रार फार कमी जण सांगतात. अस्पृश्य कामगार रुळांवर गँगमन म्हणून राबतो, वर्कशॉपमध्ये असला तरी त्याला अकुशल मजुरीच्या पुढे सरकू देत नाहीत, ही ती तक्रार. इंजिन त्याच्या घामावर चालत होते, पण इंजिनची विद्या त्याला मिळत नव्हती.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे पुढारी आपल्या नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला शिकवले जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या समाजाचे भागणार नाही, उच्च दर्जाचे विज्ञान आणि तंत्रज्ञान हवे. सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत उमेदवारीची दारे उघडा, अशीही त्यांची मागणी होती. हे नगरच्या किती पोरांना शिकवले जाते? 'शिका' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांच्या लेखी फक्त पदवी असा कधीच नव्हता. तो अर्थ आपण आखडून घेतला आहे.

आता गाडीखाली येऊ. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट अकराशे. वजन साधारण ९०० किलो. म्हणजे पुढच्या एकेका चाकावर २०० किलोहून जास्त भार. हा भार आर्मवर बसवलेली जाड कॉइल स्प्रिंग पेलते. ती चाकापासून आत, आर्मच्या बिजागरीच्या बाजूला बसते. शाळेतली तरफ आठवा. टेकूच्या जवळ भार पेलायचा तर बल जास्त लागते. म्हणून स्प्रिंगवरचा दाब चाकावरच्या भारापेक्षाही जास्त असतो. गाडी उचलली, चाक हवेत लटकले, तरी ती स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. अशा वेळी कोणी नुसताच जोड खोलला तर ती तोफगोळ्यासारखी सुटते आणि समोर हात असो की जबडा, मोडते.

हे साधे भौतिकशास्त्र आहे. पण आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत काय दिसते? गाडी जॅकवर, जॅक विटेवर, आणि खाली पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा. स्प्रिंगला दोरी बांधलेली, नाहीतर तेही नाही. या प्रकाराला लोक कौतुकाने 'जुगाड' म्हणतात. आम्हाला हा शब्द ऐकला की चीड येते. जुगाड म्हणजे हुशारी नव्हे. खालच्या माणसाचा जीव स्वस्त आहे, या समजुतीवर तो उभा आहे. मालकाचा मुलगा गाडीखाली झोपणार असता तर विटेवर जॅक लागला असता का?

आपल्या जिल्ह्याला हा हिशेब नवा नाही. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईत तीन मेहतर तरुणांची निर्घृण हत्या झाली. सवर्ण मुलीशी असलेले प्रेम हे कारण होते. आणि त्यांना बोलावून नेण्यासाठी निमित्त कोणते वापरले? सेप्टिक टाकी साफ करण्याचे. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पण त्या निमित्ताचा विचार करा. माणसाच्या जातीला एकदा काम चिकटवले की त्याला कोणत्याही खड्ड्यात केव्हाही बोलावता येते आणि कोणालाही संशय येत नाही. गाडीखालचा पोरगा आणि टाकीतला माणूस यांची तुलना आम्ही सरसकट करत नाही. पण 'तू उतर, तुला काय होतंय' हे वाक्य दोघांनाही ऐकवले जाते.

म्हणून आमच्या अंगणात पहिला नियम भिंतीवर खडूने लिहिला आहे : जॅकवरच्या गाडीखाली जायचे नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. मग गाडी उचलून चॅसीच्या मजबूत भागाखाली लोखंडी स्टँड लावायचे. आर्मखाली स्टँड लावून चालत नाही, कारण आर्मच तर काढायचा आहे. गाडी स्टँडवर बसली की तिला हाताने जोर लावून हलवून पाहायचे. ती हलली तर काम सुरू होत नाही, मग कोणी कितीही घाई करो.

पुढचे कामही याच शिस्तीने चालते. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच तेल सोडायचे. प्रत्येक जोडाचा खोलण्याआधी फोटो घ्यायचा आणि प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधायची. ब्रेकचा भाग रबरी नळीवर लटकवायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात बसते. शॉकअब्सॉर्बर काढण्याआधी आर्मखाली ट्रॉली जॅकचा आधार द्यायचा, कारण कित्येक गाड्यांत चाक किती खाली लटकेल हे शॉकअब्सॉर्बरच ठरवतो. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा सांधा हातोड्याने बदडायचा नाही, त्यासाठी पुलर मिळतो. मग स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून, स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चॅसीला बांधून, जोड सुटल्यावर आर्म इंचाइंचाने खाली घ्यायचा. त्या वेळी स्प्रिंगच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या शिम असतील तर त्या मोजून, कुठली कुठे होती ते लिहून ठेवायच्या. चाकाचा कोन त्यांवर ठरतो. परत जोडताना रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. स्प्लिट पिन जुनी वापरायची नाही.

ही रीत पद्मिनीसारख्या गाडीची. ॲम्बेसेडरच्या पुढे कॉइलऐवजी पिळावर चालणारा टॉर्शन बार असे. जुन्या जीपला कमानपाटे. गाडी बदलली की रीत बदलते, म्हणून त्या त्या गाडीचे मॅन्युअल आधी वाचायचे. वाचल्याशिवाय पाना उचलायचा नाही. आणि पाना न उचलता वाचलेलेही अर्धेच कळते. 'जातीचे निर्मूलन' मध्ये १९३६ साली बाबासाहेबांनी सांगितले होते की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ज्याने मॅन्युअल वाचायचे त्याने पाना धरायचा नाही आणि ज्याने पाना धरायचा त्याला मॅन्युअल द्यायचे नाही, हेच त्या विभागणीचे गॅरेजमधले रूप. तीच विभागणी आम्ही त्या अंगणात मोडतो आहोत.

आता सरकारचे कौशल्यप्रेम पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी मोठा गाजावाजा करून पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू बनवणारे. लाभार्थी कुटुंबाच्या परंपरेने चालत आलेल्या धंद्यातला हवा. प्रमाणपत्र मिळेल, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतील, कर्ज मिळेल. गरीब कारागिराला मदत मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. जो आज त्या धंद्यावर पोट भरतो त्याने ती हक्काने घ्यावी. पण त्या १८ च्या यादीत मोटार मेकॅनिक शोधून दाखवा. नाही सापडणार. का? मोटारीचा धंदा कोणाच्याही जातीचा नव्हता, म्हणून त्याला 'परंपरा' नाही. ज्या कामात चांभाराचा पोरगा आणि मराठ्याचा पोरगा एकाच इंजिनवर वाकतात, ते काम यांच्या लेखी वारसा नाही. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला, तो याच मुद्द्यावर.

बापाचा धंदा पोराने करायचा, ही व्यवस्था महाराष्ट्राने बलुत्याच्या नावाने शतकानुशतके पाहिली. तिचे घाव आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी 'बलुतं' मधून १९७८ साली जगापुढे मांडले. महारवतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. ज्या जोखडातून मान काढायला दोन पिढ्या लागल्या, ते जोखड आता रंगरंगोटी करून प्रमाणपत्रासह परत मिळणार असेल तर आपण टाळ्या वाजवायच्या का? कौशल्य जरूर द्या. पण ते जन्माने वाटू नका.

दुसरीकडे शौकिनांचा 'वारसा' आहे. गाडीचे नावच घ्या. जिची ख्याती जौहराच्या दंतकथेवर उभी आहे, त्या राणीचे नाव या गाडीला दिले गेले. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा भलेभले हळहळले. तिच्या स्टिअरिंगवर हयात घालवलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे किती जणांनी विचारले? २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांची झाली आणि मूळ रूपात राहिली की तिला 'व्हिंटेज'चा मान मिळतो, वेगळी नंबरप्लेट मिळते. तिला ५० वर्षे जिवंत ठेवणाऱ्या मिस्त्रीला काय मिळते? मोडलेली कंबर आणि 'ए' ने सुरू होणारी हाक. शौकीन रविवारी हात काळे करतो तेव्हा तो छंद ठरतो आणि फोटो निघतात. मिस्त्री आठवडाभर हात काळे करतो तेव्हा त्याला सोफ्यावर बसू देत नाहीत. ग्रीस एकच आहे. भेद पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

आणि शेवटी आपल्याच माणसांशी बोलू. गावोगावच्या अभ्यासिकांत आपली पोरे दहा-दहा वर्षे परीक्षा देत बसली आहेत. ती मेहनत आम्हाला ठाऊक आहे आणि प्रशासनात आपली माणसे हवीत, याबद्दल दुमत नाही. पण जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांत, हे गणित कोणालाही कळते. असे असताना हाताच्या कामाला 'खालचे' म्हणणे हा विचार आपल्यात कुठून आला? तो बाबासाहेबांकडून आलेला नाही. ज्यांनी आपल्याला राबवले त्यांच्याकडून आलेला आहे. त्यांच्याकडची विद्या आपण घेतली, ते बरे केले. त्यांची तुच्छता कशाला घ्यायची?

नगरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे, लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आहे. कायनेटिकची लुना याच शहरातून देशभर गेली. चाकांच्या शहरात राहून आपली पोरे चाकाखालीच राहणार असतील तर ते आपल्याला मान्य आहे का?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी अवजारांचे एक कपाट हवे. त्यात चार स्टँड, एक ट्रॉली जॅक, एक चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर, एक टॉर्क पाना आणि डोळ्यांचे चष्मे. वर्गणी जयंतीच्या एका डीजेपेक्षा कमी लागेल. गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या पोरांनी आयटीआयचा कागद मिळवावा आणि आयटीआयवाल्यांनी गॅरेजातल्या उस्तादापाशी बसावे. कामाचे लेखी बिल द्यावे, दर फलकावर लावावा. 'द्या काय ते' हे बलुत्याचे वाक्य आहे, ते तोंडातून काढून टाकावे. आणि यात मुली नसतील तर हे सगळे व्यर्थ आहे. सावित्रीमाईंचे नाव घ्यायचे आणि पाना फक्त भावाच्या हातात द्यायचा, हे चालणार नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरला दंडाची ताकद लागत नाही, डोके आणि धीर लागतो.

कोणी विचारेल, एका जुन्या गाडीने जात मोडेल का? मोडणार नाही. जात मोडायला कायदा, संघटन, सत्ता आणि आंतरजातीय नाती लागतील. पण ज्याने दाबलेली स्प्रिंग स्वतःच्या हाताने, हिशेबाने, कोणालाही इजा न होऊ देता उतरवली आहे, त्याला पुन्हा कोणी 'तू उतर, तुला काय होतंय' म्हणाले तर तो आधी विचारेल : स्टँड कुठे आहे? आणि स्टँड नसेल तर तो उतरणार नाही. टाकीतही नाही आणि गाडीखालीही नाही.

जय भीम! जय भारत!